बंदुकीकडून बियाण्याकडे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा धान कापणीला आला होता. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात. घरची शेती तीन एकर, तीही सगळी धानाच्या बांध्यांची. त्यांतला एक एकर आता रस्त्याला लागून आहे. म्हणजे बांधी होती तिथेच आहे, रस्ताच रुंद होत होत तिच्यापर्यंत आला. लोहखनिजाचे ट्रक त्या रस्त्याने जातात आणि धानाच्या लोंब्यांवर तांबडी धूळ बसते. त्या दिवाळीत एक दलाल घरी येऊन गेला होता. तिन्ही एकरांचा त्याने सांगितलेला आकडा बाबांनी मला दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा मला तो खराच वाटला नाही. मग त्यांनी मला विचारले, की जमीन विकावी का? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिलीच. आजोबा अंगठा उठवीत, बाबा चौथीपर्यंत गेले, आईला सही करता येते. अशा घरात शिकलेल्या मुलीच्या शब्दाला किती वजन असते, हे माझ्यासारख्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. परंतु बी.ए.च्या दोन वर्षांत कोणत्याही पेपरात हा प्रश्न आला नव्हता. मी काहीच बोलले नाही आणि सुट्टी संपताच चंद्रपूरला परतले.

परत आल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांनी विदर्भातील स्वातंत्र्यसैनिकांवर निबंध लिहून आणायला सांगितले. वर्गातील बहुतेकांनी वीर बाबूराव शेडमाके यांचे नाव घेतले, आणि ते स्वाभाविकच होते. आपल्याच मातीतला हा गोंड जमीनदार इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चंद्रपुरात फासावर गेला. मीही तेच नाव दिले होते. सरांनी मला मात्र दुसरे नाव सुचवले, डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्धा आपल्या शेजारचा जिल्हा, तरी तिथल्या या माणसाचे नाव मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. नाराजीनेच वाचायला बसले. चार दिवसांनी लक्षात आले, की बाबांचा प्रश्न आणि हा निबंध यांत मला फरकच करता येईनासा झाला आहे.

खानखोजे यांचे बालपण वर्ध्यात गेले आणि पुढचे शिक्षण नागपुरात झाले. ते शाळकरी वयात असताना मध्य प्रांतावर दुष्काळ कोसळले. १८९६-९७ चा एक आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुसरा. खेड्यांतली माणसे अन्नावाचून मेली आणि सरकारी सारा मात्र चुकला नाही. त्या पिढीच्या मुलांनी स्वातंत्र्याचा विचार पुस्तकातून घेण्याआधी उपाशी माणसाच्या तोंडावर वाचला असला पाहिजे, असे मला वाटते. खानखोजे यांच्यावर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा मोठा प्रभाव पडला. सशस्त्र क्रांती करायची तर युद्धकला शिकली पाहिजे, आणि गुलाम देशात ती कोण शिकवणार? म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण समुद्र ओलांडून गेला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला.

तिथे त्यांनी दोन विद्या एकदम शिकायला घेतल्या, आणि मला त्यांच्या चरित्राची किल्ली इथेच सापडते. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस येथील लष्करी शाळेत ते बंदूक चालवायला शिकले, तर पुढे वॉशिंग्टन राज्यातील कॉलेजात शेतीशास्त्र शिकून १९१३ साली पदवीधर झाले. खर्चासाठी मिळेल ते मजुरीचे काम केले. वसतिगृहाची फी भरण्यासाठी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणारी मुले आपल्या कॉलेजात आजही आहेत. त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल वाटते ते या जोडीचे. बंदूक आणि नांगर एकाच माणसाने एकाच वेळी का शिकावेत? इंग्रजांना घालवण्यासाठी बंदूक हवी, हे समजते. परंतु इंग्रज गेल्यावर लोक काय खाणार, हाही प्रश्न त्याच वेळी त्यांच्या मनात असावा.

ते त्या किनाऱ्यावर होते तेव्हा आसपास काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. मार्च १९१० मध्ये कॅलिफोर्नियात लेकव्ह्यू नावाच्या विहिरीतून खनिज तेलाचा असा फवारा उडाला, की तो सुमारे दीड वर्ष आवरला नाही. त्यातून सुमारे नव्वद लाख पिंपे तेल जमिनीवर आले. ती विहीर युनियन ऑइल कंपनीकडे होती आणि त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी लायमन स्ट्युअर्ट हा एके काळचा शिपाई होता. पेनसिल्व्हेनियात १८५९ साली तेल लागले, तेव्हा त्या तरुण पोराने आपली १२५ डॉलरची सारी शिल्लक तेलाच्या जमिनीत घातली आणि बुडवली. मग तो अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला, जिवंत परत आला आणि पुन्हा तेलातच पैसा घालू लागला. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला, १८९० साली कंपनी उभी राहिली आणि तो मोठा धनी झाला. युद्ध संपवून आलेल्या माणसाने जमीन घ्यावी, जमिनीखालचे धन काढावे आणि उरलेले आयुष्य सुखात घालवावे, हा त्या देशातला वहिवाटीचा रस्ता होता. त्यात गैर काहीच नाही. माझ्या बाबांनाही दलालाने थोडाफार असाच रस्ता दाखवला होता.

खानखोजे यांचा रस्ता मात्र निराळ्या दिशेने गेला. अमेरिकेत लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर, लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आणि इतर अनेक देशभक्त यांच्या प्रयत्नांतून १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. त्याच्या उभारणीत खानखोजे होते आणि लढाऊ कामाची बाजू त्यांच्याकडे होती. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. गदरचे शेकडो लोक लढण्यासाठी हिंदुस्थानकडे निघाले. त्यांतील विष्णू गणेश पिंगळे हा मराठी तरुण कर्तारसिंग सराभा यांच्यासह १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. तुर्कस्तान आणि इराण ओलांडून बलुचिस्तानच्या सरहद्दीवरून हिंदुस्थानात शिरायचे, वाटेत इंग्रजी फौजेतील हिंदी शिपायांना फितवायचे, अशी ती योजना होती. प्रमथनाथ दत्त, सुफी अंबाप्रसाद असे सोबती होते.

इराणात इंग्रजांचे एवढे काय अडले होते, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर पुन्हा तेलात सापडले. १९०८ साली मे महिन्यात तिथे तेल लागले, पुढल्या वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने तिचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले, कारण आरमाराची जहाजे कोळशावरून तेलावर येत होती. ते तेल आणि हिंदुस्थानची वाट, दोन्ही राखण्यासाठी १९१६ साली पर्सी साइक्स या अधिकाऱ्याने दक्षिण इराणात खास फौज उभारली. म्हणजे वर्ध्याचा हा शेतीचा पदवीधर ज्या वाळवंटात लढत होता, तिथे एक साम्राज्य आपली तेलाची मिळकत सांभाळत होते.

ती लढाई खानखोजे हरले. केरमान, बाम, शिराझ या भागांत काही काळ चकमकी झाल्या, परंतु तोफा, पैसा आणि रसद इंग्रजांकडे होती. सुफी अंबाप्रसाद यांचा १९१७ साली शिराझमध्येच अंत झाला. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि वेष पालटून भटक्या टोळ्यांच्या आसऱ्याने राहिले. युद्ध संपल्यावर ते बर्लिनला पोहोचले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आदी क्रांतिकारकांबरोबर ते मॉस्कोलाही जाऊन आले, पण तिथूनही हाती काही लागले नाही. मायदेशाचे दार तर बंदच होते. इंग्रजांच्या यादीत त्यांचे नाव होते आणि परतणे म्हणजे तुरुंग किंवा फास.

वयाची चाळिशी आलेली, देश नाही, घर नाही, सोबती मेलेले. अशा माणसाने पुढे काय करावे? मी त्यांचे चरित्र वाचताना इथे थांबले होते. आपल्याकडे वीरपुरुषांची चरित्रे बहुधा रणांगणावर किंवा फासावर संपतात. वाचकाला रडू येते आणि पुस्तक मिटते. पण जो हरतो आणि जिवंत राहतो त्याचे काय, हे फारसे कोणी लिहीत नाही.

१९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत गेले. त्या देशात १९१० पासून दहा वर्षे क्रांती धुमसत होती. जमीन मूठभर हवेलीवाल्यांकडे आणि कसणारे आदिवासी भूमिहीन, हे तिच्या मुळाशी होते. शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झापाटा १९१९ साली मारला गेला, तरी १९१७ च्या राज्यघटनेत एक कलम आले होते. त्या सत्ताविसाव्या कलमाने मोठ्या जमिनी गावांना वाटण्याची वाट मोकळी केली आणि जमिनीखालचे खनिज व तेल राष्ट्राचे ठरवले. जमिनीचा वरचा थर आणि खालचा थर या दोहोंचा विचार एकाच कलमात केलेला पाहून मला आपला जिल्हा आठवला. आपल्याकडे वर धान आणि मोह, खाली कोळसा आणि लोखंड.

तेलाच्या बाबतीत मेक्सिको तेव्हा लहान देश नव्हता. १९२१ साली तेलाच्या उत्पादनात अमेरिकेखालोखाल त्याचाच क्रमांक होता आणि परदेशी भांडवलदार तिथे गर्दी करीत होते. म्हणजे इराणनंतर खानखोजे पुन्हा तेलाच्याच देशात आले होते. तरीही त्यांचे नाव तिथे जोडले गेले ते मक्याशी. टेक्सकोको गावाजवळ चापिंगो येथे एका माजी राष्ट्राध्यक्षाची मोठी जहागीर होती. सरकारने १९२४ साली तिथे राष्ट्रीय कृषिविद्यालय आणले. त्या जहागिरीच्या वाड्यात शेतकऱ्यांची पोरे शिकू लागली आणि त्यांना शिकवायला खानखोजे प्राध्यापक म्हणून उभे राहिले.

पुढची अनेक वर्षे त्यांनी बियाण्याला दिली. मका हे त्या लोकांचे मुख्य अन्न, जसा आपला भात. त्याच्या जास्त उतारा देणाऱ्या जाती त्यांनी संकरातून तयार केल्या. गव्हावर, कडधान्यांवर काम केले. कमी पाण्यात तगणारे आणि रोगाला न बळी पडणारे वाण शोधले. हे काम किती सावकाश चालते ते आपण शेतकऱ्यांच्या मुलांनी ध्यानात घ्यावे. दोन झाडांचा संकर करायचा, त्याचे बी पेरायचे, हंगामभर थांबायचे, शेकडो झाडांतून चार निवडायची आणि पुन्हा पुढल्या हंगामाची वाट पाहायची. बंदुकीची गोळी क्षणात लागते किंवा चुकते. वाणाचा निकाल कळायला सात-आठ वर्षे लागतात. इराणच्या वाळवंटात धावलेल्या माणसाने हा धीर कुठून आणला असेल?

केवळ प्रयोगशाळेत बसून त्यांचे समाधान झाले नाही. १९२८ च्या सुमारास त्यांनी खेड्यांत मोफत कृषिशाळा सुरू केल्या. त्यांतील एका शाळेला झापाटाचे नाव होते. ज्यांनी कधी फळा पाहिला नव्हता असे शेतकरी तिथे अक्षरे आणि शेती दोन्ही शिकत. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा या कामात त्यांचे मित्र झाले. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्या शाळांची आणि त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली. मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत रिव्हेराने रंगवलेल्या एका भित्तिचित्रात सर्वांना भाकरी वाटून देणारा पुरुष आहे, तो खानखोजे यांच्यावरून काढला असे मानले जाते. एखाद्या लढवय्याचे चित्र घोड्यावर, हाती तलवार घेतलेले असते. हे चित्र जेवणाच्या टेबलाजवळचे आहे.

१९३६ साली त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. १८ मार्च १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी परदेशी तेलकंपन्या राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या. त्यांच्याच कारकिर्दीत सुमारे १.८ कोटी हेक्टर जमीन गावांना वाटली गेली. इराणात ज्या गोष्टीपुढे खानखोजे हरले होते, ती गोष्ट दुसऱ्या एका देशात घडताना त्यांनी पाहिली. त्या वेळी त्यांना काय वाटले असेल, याची मी केवळ कल्पना करू शकते.

भारत स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये त्यांनी मायदेशी येण्यासाठी परवानगी मागितली, तेव्हा ती आधी नाकारली गेली. इंग्रजांनी घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या कागदांतही तशीच राहिली होती. ज्या देशासाठी आयुष्य उधळले त्याच्याच दारात अडवले जावे, याहून कडू थट्टा कोणती? पुढे ती बंदी उठली आणि ते आले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आपला चांदा जिल्हाही त्याच राज्यात होता. गडचिरोली त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्या राज्याला शेतीबाबत सल्ला देण्याचे काम त्यांनी केले. अखेरची वर्षे ते नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४ पासून मेक्सिकोत राहून तयार केलेले हे बुटके गहू होते आणि त्यांतून पुढे हरितक्रांती घडली. ते श्रेय बोरलॉग यांचेच. पण ज्या मातीत आपले एक वैदर्भी प्राध्यापक त्यांच्या वीस वर्षे आधी वाण निवडत होते, त्याच मातीतले बी आपल्या दुष्काळी देशाच्या उपयोगी पडले, हे वाचून माझा ऊर भरून आला. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांचा पुतळा उभारला गेला आणि लोकसभेच्या अध्यक्षांनी त्याचे अनावरण केले.

निबंध पुरा झाला. सरांना तो आवडला. पण बाबांचा प्रश्न तसाच होता. संक्रांतीला घरी गेले, तेव्हा रात्री शेकोटीजवळ मी त्यांना ही सगळी कथा सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, की एवढे करून त्या माणसाला किती एकर मिळाली? मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी स्वतःच आपल्या नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांचे नाव काढले. तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या शेतकऱ्याने आपल्या बांधीत वेगळी दिसलेली धानाची लोंबी निवडून, दरवर्षी जपून, एचएमटी हा वाण तयार केला. ते २०१८ साली गेले. त्यांचा धान आमच्या शेजाऱ्यांच्या बांध्यांतही पिकतो. त्यांनाही एकर मिळाले नाहीत, असे म्हणून बाबा गप्प झाले.

इथे मी असे लिहिले असते, की आम्ही जमीन विकली नाही, तर निबंध गोड झाला असता. पण खरे तसे नाही. सोसायटीचे कर्ज होते, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च होता. रस्त्यालगतचा एक एकर आम्ही विकला. कागदावर सही करताना बाबांनी मला प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावली आणि मी ती वाचली. माझ्या शिक्षणाचा तो पहिला उपयोग. मागचे दोन एकर मात्र राहिले आहेत. दलाल पुन्हा आला, तेव्हा त्याला नाही म्हणणारी मी होते.

मला बंदूक चालवायची नाही आणि मी शेतीशास्त्रही शिकलेली नाही. पण आईला लुचईसारख्या जुन्या धानांची नावे, त्यांची माती, त्यांचे पाणी, त्यांची कापणी सारे तोंडपाठ आहे आणि ते कुठेही लिहिलेले नाही. या उन्हाळ्यापासून मी ते एका वहीत लिहून घेत आहे. आत्तापर्यंत अकरा नावे झाली. त्यांतल्या चार वाणांचे बी गावात कोणाच्याच घरी उरलेले नाही. उरलेल्या सातांपैकी दोन वाण बाबांनी यंदाच्या पावसाळ्यात बांधीच्या एका कोपऱ्यात वेगळे रोवले आहेत.

खानखोजे यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणून वंदन करतोच. मला ते आठवतात ते हरल्यानंतर पुन्हा मातीत हात घालणारे म्हणून. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या कोणी आकडा घेऊन येईल आणि घरचे आपल्याकडे पाहतील. त्या दिवशी काय सांगायचे ते प्रत्येकाने आपले आपण ठरवावे. परंतु सांगण्याआधी कागदाची प्रत्येक ओळ वाचावी, आणि घरात बी शिल्लक आहे का, तेही पाहून यावे.